बावन्नावा फर्मा

ही वही ज्याच्या हाती पडेल त्याने आधी माझं अक्षर आणि शुद्धलेखन पोटात घालावं. मी चौथीपर्यंत शिकले. वेलांटी पहिली की दुसरी हे मला आजही विचारून लिहावं लागतं, आणि आता विचारायला घरात कुणी नसतं. हातही पेनाचा राहिलेला नाही. सुई ओढून ओढून अंगठा वाकडा झालाय, त्यामुळे अक्षरं रेघ सोडून खाली उतरतात. वाचायला जड जाईल. नाही वाचलं तरी माझं काही म्हणणं नाही. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही.

वही मात्र चांगली आहे, मी बांधलेली आहे. कारखान्यात कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्या पडायच्या, त्यातल्या रुंद पट्ट्या मी घरी आणायचे. म्हणून ही वही अशी उंच आणि अरुंद आहे. इतकी वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, एक वही स्वतःसाठी बांधायला हरकत नसावी.

आमचा बाइंडिंगचा कारखाना ठाण्याला, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, वर पत्रा, मध्ये टेबलं आणि टोकाला कटिंग मशीन. डेपोतल्या घोषणा आम्हाला घरातल्यासारख्या ऐकू यायच्या. दापोलीची गाडी लागली की आमचा चहा. मी तिकडचीच, त्यामुळे ती घोषणा झाली की इतक्या वर्षांनंतरही मला उगाच वाटायचं, आपण निघायला हवं. मग चहा पिऊन पुन्हा घडी घालायला बसायचे.

दिवाळीच्या आधी दिवाळी अंक यायचे. त्यात निवृत्त माणसांनी आपापल्या नोकरीबद्दल लिहिलेलं असायचं. बँकेतले साहेब, डॉक्टर, एकदा एक जेलर. घडी घालता घालता मी वाचायचे. प्रत्येकाला शेवटी कुणीतरी भेटून सांगायचं, साहेब, तुमच्यामुळे आज आम्ही आहोत. पुस्तक बांधणाऱ्या बाईने लिहिलेलं मात्र कधी माझ्या हाताखालून गेलं नाही. तिला भेटून कोण काय सांगणार?

छापून येतं तेव्हा पुस्तक पुस्तक नसतं. चादरीएवढे कागद येतात. एकावर सोळा पानं असतात, पण उलटसुलट, अर्धी डोक्यावर उभी. त्या कागदाला बरोबर तीन घड्या घातल्या की पानं आपोआप ओळीत येतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. सगळे फर्मे तयार झाले की त्यांचे गठ्ठे क्रमाने टेबलावर मांडायचे आणि देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं टेबलाभोवती फिरत एकेक फर्मा उचलायचा. याला गॅदरिंग म्हणतात. फेरी संपली की हातात एक पुस्तक, फक्त सुटं. मग सुईदोऱ्याने ते शिवायचं, ती जुजबंदी. मग सरस, पुठ्ठा, कापणी.

चूक होऊ नये म्हणून फर्म्याच्या पाठीवर छपाईतच एक काळी खूण असते. पहिल्याची सगळ्यात वर, पुढच्याची जरा खाली. सगळे नीट लागले की पाठीवर खुणांचा जिना उतरत येतो. एक पायरी चुकली की लांबून दिसते. आम्ही पानं वाचून पुस्तक लावत नाही, जिना बघून लावतो. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कॉलेजची मुलं प्रबंध घेऊन शेवटच्या दिवशी यायची, काळं रेक्झीन आणि सोनेरी अक्षरं, आणि नाव चुकीचं छापलं गेलं की तिथेच रडायची. डोंबिवलीचे एक गृहस्थ होते, त्यांनी आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत बांधून नेला. वर्षभराने परत आले, म्हणाले भावाचं पान काढा. गावच्या घराच्या वाटणीवरून काही झालेलं. मी ब्लेडने पान काढलं, इतकं साफ की कळू नये. दोन वर्षांनी पुन्हा आले. पान खिशातच होतं, घडी घातलेलं. म्हणाले, लावून द्या, गेला तो. मी लावून दिलं. त्या पानाच्या घड्या मात्र शेवटपर्यंत गेल्या नाहीत. त्यांनी पैसे विचारले तेव्हा मालकांनी नको म्हटलं. आमचे मालक नाना. ते असेही होते हे मला लिहायला हवं, कारण पुढे जे आहे त्यात ते तसे दिसणार नाहीत.

आता सेनापतीचं सांगते.

घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहणारे एक सर होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज भरदार, बोलताना एक हात मागे. त्यांनी प्राचीन काळच्या एका सेनापतीवर कादंबरी लिहिली होती. सेनापतीचं नाव भद्रघोष. आठशेवर पानं, बावन्न फर्मे. छपाई स्वतःच्या पैशाने, आणि बांधणी आमच्याकडे, तीही जुजबंदीच हवी, कारण असं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या टिकायला हवं. सर रोज यायचे. आम्ही घड्या घालत असताना मागे उभे राहायचे, जणू आम्ही त्यांचं सैन्य.

माझ्या शेजारी कुंदा बसायची. ती बाळकूमकडची आगरी, तोंडाने फटकळ. सर गेले की म्हणायची, "सर ऱ्हातान ना त्या टॉवरखाली आमचा भात लावायचे. माझा बाप चिखलात उभा ऱ्हायचा तिथं, आता सर सेनापती उभा करतान." आणि आम्ही पाचसहाजणी हसायचो. मी मोठ्याने कधी हसले नाही. मला लाज फार. नवऱ्याच्या मागे एवढ्या वर्षांत मी कारखान्यात कुणाशी भांडले नाही, पगार वाढवून मागितला नाही. कुंदा माझ्या वाटचंही बोलायची. मला वाटायचं, कुंदा आहे तोवर आपल्याला बोलायची गरज नाही.

पुस्तक मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? आम्ही कधी पहिल्या पानापासून वाचत नाही, ज्या फर्म्यावर बसलो तो वाचायचा. त्यामुळे माझ्याकडे सेनापती आधी म्हातारा झाला, मग त्याचं लग्न झालं, मग तो नाणेघाट उतरून हत्ती घेऊन कल्याण बंदर जिंकायला आला. त्या लढाईचा फर्मा मी दोनदा वाचला. ओहोटी असते. सेनापती म्हणतो, हत्ती खाडीतून घाला. पहिल्या हत्तीचा माहूत हात जोडून सांगतो, खाली चिखल आहे. सेनापती म्हणतो, चल. हत्ती रुततात, लढाई हरतात. संध्याकाळी सगळ्या सैन्यासमोर सेनापती त्या माहुताचा उजवा हात तोडायला लावतो.

माझ्या हाताखाली त्या पानाची घडी दबत होती आणि सर मागेच उभे होते. मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं. "सर, माहुताने तर आधीच सांगितलं होतं ना?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मशीन बोललं. पण ते रागावले नाहीत, उलट खूश झाले.

"सांगितलं होतं, बाई. पण सैन्याला कारण लागतं. सेनापती चुकला हे सैन्याला कळलं, तर दुसऱ्या दिवशी लढेल कोण?" मग जरा वाकून म्हणाले, "तो माहूत शेवटी येतो. वाचा तुम्ही."

शेवटी येत होता. बावन्नाव्या फर्म्यात. सेनापती म्हातारा होऊन घाटातल्या एका लेण्यात मरायला टेकलेला असतो आणि त्या माहुताला शोधून आणायला लावतो. माहूत येतो, डाव्या हाताने त्याला पाणी पाजतो. सेनापती म्हणतो, चिखल मला दिसला होता. चूक माझी होती. तेवढं बोलून मरतो. त्या दिवशी मला डबा उघडावासा वाटला नाही. कुंदाने विचारलं, काय गो, घरी काय झाला का? मी म्हटलं, काही नाही, माहुताचं वाचलं. ती म्हणाली, येडी.

तो फर्मा घडी होऊन गठ्ठे बांधून झाल्यावर सर एका टेम्पोतून नवे कागद घेऊन आले. शेवट बदललाय म्हणाले. दोन जाणत्या मित्रांनी वाचून सांगितलं होतं, सेनापतीने असं माहुतासमोर झुकायचं म्हणजे आधीच्या आठशे पानांचं काय राहिलं? नव्या शेवटात सेनापती हत्तीवर बसून, हातात तलवार, असा मरत होता. माहूत नव्हताच. पानं तेवढीच, आकडे तेच, पाठीवरची खूण तीच. आम्ही नव्या फर्म्याच्या घड्या घातल्या. जुन्याचे गठ्ठे नानांनी कोपऱ्यात टाकायला सांगितले, रद्दीत जातील म्हणून. नवा आणि जुना, दोन्ही एकसारख्याच सुतळीने बांधलेले.

मग खंडेनवमी आली.

आमच्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. कारखान्यात कटिंग मशीनला हार, सुया, कात्र्या, घडी दाबायच्या बांबूच्या पट्ट्या, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू. पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. त्या वर्षी नाना म्हणाले अर्धा दिवस काम आहे, कारण कोजागरीला डोंबिवलीत प्रकाशन होतं आणि शेवटची दोन-तीनशे पुस्तकं लागायची राहिली होती. गठ्ठे मी आदल्या दिवशीच क्रमाने टेबलावर मांडून ठेवले होते, बावन्नच्या बावन्न.

सकाळी सर आले. जरीची टोपी, आणि बरोबर कुठूनशी आणलेली तलवार. पितळी मूठ, धार नसलेली. ती पाटावर आमच्या सुयांशेजारी ठेवली. पूजा झाल्यावर त्यांना तलवार हातात घेऊन मशीनसमोर फोटो हवा होता. मध्ये टेबलं येत होती. मग नाना आणि सर दोघांनी मिळून टेबलं सरकवली, त्यावरचे गठ्ठे उचलून भिंतीला लावले, कोपऱ्यातलेही सगळे एकत्र केले. आम्ही उठलो तर सर म्हणाले, तुम्ही बसा, आज तुमचा मान. मोकळ्या जागेत नानांच्या सुनेने रांगोळी काढली. फोटो झाला. सर प्रसाद घेऊन गेले. मग नानांनीच गठ्ठे परत टेबलावर मांडले, आणि म्हणाले, चला, उचला फर्मे.

कुंदा म्हणाली, "नाना, हळदकुंकू लावलेला हाय. आज नाय उचलत आमी."

"पूजा माझ्या घरची," नाना म्हणाले. "पाप लागलं तर माझ्या डोक्यावर. लागा कामाला."

आम्ही लागलो. नंतरचे चार दिवस सुईला कुंकू होतं, दोरा गुलाबी येत होता. गॅदरिंगच्या टेबलाच्या शेवटच्या टोकाला मी होते, बाकीच्या फिरत फर्मे आणून द्यायच्या आणि शेवटचे दोन मी घालायचे. एक्कावन्न, बावन्न, जिना बघायचा, ठोकून सरळ करायचं, बाजूला ठेवायचं. जिना बरोबर उतरत होता.

कोजागरीला नानांनी आम्हाला दोघींना डोंबिवलीला नेलं, मला आणि कुंदाला, पाहुण्यांना दूध द्यायला. हॉल भरलेला. व्यासपीठावर पाहुणे होते, कुठल्याशा कॉलेजात शिकवणारे, सौम्य माणूस. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, या कादंबरीचं मोठेपण तिच्या शेवटच्या पानात आहे, आणि समोरची प्रत उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी मागच्या दाराशी दुधाचं भांडं धरून उभी होते. त्यांनी वाचलं, माहूत डाव्या हाताने पाणी पाजतो. त्यांनी वाचलं, चूक माझी होती.

मग टाळ्या झाल्या, लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. फक्त सर बसून होते. त्यांचा चेहरा मी लांबूनही पाहिला. त्यांना लोक उभे राहून मान देत होते आणि तो मान त्यांनी फाडून टाकलेल्या पानाला होता. कुंदा माझ्या कानाशी म्हणाली, "गो, हा तर जुना." मी दुधाचं भांडं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सर कारखान्यात आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, या खेपेचं बिल मी देणार नाही, मला फक्त सांगा हे कुणाच्या हातून झालं.

नानांनी आमच्याकडे पाहिलं. "टेबलाच्या टोकाला कोण होतं?"

कुंदा म्हणाली, "शैला."

खरंच होतं ते. मीच होते. मी वाट पाहिली की ती पुढचं बोलेल, गठ्ठे कुणी हलवले ते. ती सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवलेला होता. मग मी नानांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी गठ्ठे उचललेले मी पाहिले होते, त्यांनीही मला पाहताना पाहिलं होतं. सरही तिथेच होते, त्यांच्या जरीच्या टोपीला त्या दिवशी गठ्ठ्याची धूळ लागलेली मी पाहिली होती. त्या खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी बांबूची पट्टी उचलली आणि समोरच्या कागदाची घडी दाबत राहिले. नाना म्हणाले, "शैलाच्या हातून झालं. नवीन नाही ती, पण होतं." सर मान हलवून म्हणाले, ठीक आहे. सैन्याला कारण मिळालं.

नव्या शेवटाचे गठ्ठे कोपऱ्यात जसेच्या तसे सापडले. मी एकटीने ती सगळी पुस्तकं उसवली, जुना फर्मा काढला, नवा शिवला, पुन्हा सरस लावला. त्याची मजुरी नाही. एकही कागद वाया गेला नव्हता. तरी सरांनी त्या खेपेचं बिल दिलं नाही, आणि नानांनी ते माझ्यावर टाकलं. म्हणाले, सगळ्यांत वाटलं तर सगळ्या बोंबलतील, तू समजूतदार आहेस. शनिवारच्या पाकिटातून थोडे थोडे कापत जाऊ. मी हो म्हटलं. हो म्हटलं म्हणजे मान्य केलं असं होतं, हे मला घरी टिटवाळ्याला पोचेपर्यंत कळलं नाही.

काढलेल्या जुन्या फर्म्यांची नानांनी रद्दी दिली. डेपोसमोरच्या वडापाववाल्याने ती घेतली. मग कितीतरी दिवस डेपोत उतरणाऱ्या माणसांना भद्रघोषाच्या लेण्यात गुंडाळलेला वडा मिळत होता. मीही एकदा घेतला. तेल पिऊन कागद आरपार झाला होता, पण माहुताचं नाव वाचता येत होतं. एक फर्मा मी आधीच पिशवीत टाकून घरी आणला होता. तो अजून आहे.

पैसे कापले गेले याचं दुःख होतंच. त्या वर्षी मुलीच्या बारावीचा क्लास बंद केला. ती घरी अभ्यास करून पास झाली, पण मार्क तिला हवे होते तेवढे पडले नाहीत. ते पैशाचं. दुसरं होतं ते रोजचं होतं. कारखान्यात नवी बाई आली की नाना तिला माझ्यासमोर सांगायचे, "फर्मा बघून उचल गं, नाहीतर शैलासारखं सेनापतीला दोनदा मारशील." सगळे हसायचे. त्यांच्या मनात वाईट नसेल. पण वर्षानुवर्षं तेच. नव्या बायकांना माझं नाव कळायच्या आधी माझी चूक कळायची. आणि नानांच्या टेबलामागे तो फोटो फ्रेम करून लावलेला, तलवार घेतलेले सर, शेजारी हसणारे नाना, आणि खाली जिथे माझे गठ्ठे होते तिथे रांगोळी.

कुंदाशी मी बोलले नाही. भांडलेही नाही, मला ते येत नाही. वर्षभराने ती सोडून गेली, तिच्या भावांच्या जमिनीवर टॉवर झाला त्यात तिला काहीतरी मिळालं. पुढे एकदा जांभळी नाक्याच्या बाजारात भेटली. तिनेच हात धरला.

"मी बोलले असते तर दोघीना घरी बसवला असता गो," ती म्हणाली. "माझी पोर तवा बाळंतपणाला आलेली."

मी म्हटलं, माहीत आहे. माहीत होतंच. भाजी घेऊन आम्ही दोघी वेगवेगळ्या बाजूंनी गेलो. तिचा मला राग येत नाही असं मी लोकांना सांगते.

कापणं संपायला काही महिने उरले असताना पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली. आमच्याकडे नाही, मशीनवर बांधणाऱ्या मोठ्या कारखान्यात. सरांनी एक प्रत नानांना भेट दिली होती, ती टेबलावर पडलेली. मी जेवणाच्या सुट्टीत शेवटचा फर्मा उघडला. माहूत होता. डावा हात होता, पाणी होतं, चूक माझी होती हेही होतं. पुढे सरांचं मनोगत होतं. लिहिलं होतं की वाचकांच्या आग्रहाखातर मूळ शेवट पुन्हा दिला आहे, आणि पहिल्या आवृत्तीच्या वेळी बांधणीतल्या एका अडाणी हाताच्या गोंधळामुळे काही मनस्ताप झाला होता.

मी ती प्रत घेऊन नानांसमोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा अशी उभी राहिले. म्हटलं, आता तर तोच शेवट छापलाय, मग माझे पैसे अजून कशाला कापता?

नानांनी प्रत माझ्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली. "पुस्तक त्यांचं आहे, शैला. ते दहादा बदलतील. आपलं काम सांगितलं ते बांधायचं." मी परत जागेवर जाऊन बसले. उरलेले महिने कापले गेले. शेवटच्या शनिवारी पाकीट पूर्ण आलं. सर पुढे वारले. वर्तमानपत्रात फोटो आला, तोच, तलवारीचा.

तशीच आणखी काही वर्षं मी तिथे काम केलं. लोक विचारतील, का केलं? दुसरं येत नव्हतं. आणि सांगायला लाज वाटते, पण घडी घालताना कागद जो आवाज करतो तो मला आवडायचा.

गेल्या वर्षी गल्लीतल्या इमारती पाडायचं ठरलं. कारखाना बंद. नानांचं तोवर हृदयाचं ऑपरेशन झालेलं, हातातलं पाण्याचं भांडं हलायचं. शेवटची खंडेनवमी म्हणून त्यांनी सगळ्यांना बोलावलं, सोडून गेलेल्यांनाही. कुंदा आली नाही. मशीन विकलं गेलं होतं, उचलून न्यायचं बाकी होतं, त्यालाच हार घातला. पाटावर सुया मांडल्या. माझी सुई मी मांडली.

प्रसाद झाल्यावर नानांनी मला टेबलाशी बोलावलं. पाकीट होतं, जाडसर. म्हणाले, "हे तुझे. सेनापतीच्या वेळचे, सगळे."

सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या, त्यात मागाहून आलेल्याही होत्या, ज्यांना फक्त तो विनोद माहीत होता.

"त्या दिवशी मी म्हटलं होतं, पाप माझ्या डोक्यावर," नाना म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, डोक्यावर काही ठेवू नका."

म्हणजे ते पैसे देणं त्यांच्या स्वतःसाठी होतं. तरी मला वाटलं, आता आणखी एकच पायरी राहिली आहे, एवढ्या जवळ ते आले आहेत. फोटो अजून भिंतीवर होता. मी बोट दाखवलं.

"नाना, ह्या फोटोच्या वेळी गठ्ठे तुम्ही हलवले होते. तेवढं एकदा ह्यांच्यासमोर बोला. पैसे नसले तरी चालतील."

नानांनी फोटोकडे पाहिलं. डेपोत कुठल्यातरी गाडीची घोषणा झाली, ती पूर्ण होईपर्यंत ते थांबले. मला त्या लेण्यातला सेनापती आठवला, आणि वाटलं, आता बोलतील.

"मोजून घे," ते म्हणाले. "बरोबर आहेत का बघ."

मी टेबलाच्या टोकाला उभी राहून मोजले. नोटा नव्या होत्या, बँकेतून आणलेल्या, एकमेकींना चिकटत होत्या. बोट ओलं करून मोजले. त्यांनी कापला होता तो प्रत्येक रुपया त्यात होता, वर शंभराची एक नोट जास्त होती. ती मी टेबलावर ठेवली.

"बरोबर आहेत," मी म्हटलं.